न फुटलेली काच

१९७४ साली वॉशिंग्टन विद्यापीठात एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न तोच, क्रियापद तेवढं वेगळं. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा, असं विचारलं की सरासरी उत्तर ताशी ३२ मैलांच्या आसपास. ‘आदळून चक्काचूर झाल्या’ म्हटलं की तेच ४० च्या पुढे.

दुसरा प्रयोग अधिक अस्वस्थ करतो. यात १५० विद्यार्थी होते. आठवड्याने त्यांना पुन्हा विचारलं, ‘फुटलेली काच दिसली होती का?’ चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही ज्यांच्या वेगाच्या प्रश्नात ‘चक्काचूर’ होतं, त्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. नुसतं ‘धडकल्या’ असलेल्या ५० पैकी ७. खोटं बोलण्याचं कुणालाच कारण नव्हतं. पाहिलेलं दृश्य आणि नंतर कानावर-डोळ्यांवर आलेला शब्द नकळत एकजीव होऊन एकच आठवण तयार होते, असं संशोधकांनी मांडलं.

आपल्याकडे कोर्टात सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला बोलावणारा पक्ष त्याला प्रश्न विचारतो तेव्हा, विरुद्ध पक्षाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय असे उत्तर सुचवणारे, सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण साक्षीदाराला पहिला प्रश्न कोर्टात नव्हे, पोलीस ठाण्यात किंवा त्याही आधी रस्त्यावरच्या गर्दीत विचारला जातो. साक्षीदार शब्दांच्या प्रभावाखाली सहज येणारं लहान मूल असेल, तर तिथला एकेक शब्द जपूनच वापरायला हवा.