यंदा डबा आमच्याकडे!

घरच्यांची पिकनिक ठरते तेव्हा फॅमिली ग्रुपवर काय काय चर्चा होते, आठवून बघा. गाडी कोणाची, निघायचं किती वाजता, वाटेत चहा कुठे. खाण्याचा विषय निघाला की कुणीतरी टाकतं, 'घरूनच काहीतरी नेऊ.' या 'काहीतरी'चा अर्थ पहाटे चारचा गजर, आणि तो तुमच्या फोनवर लागत नाही. सात वाजता तुम्ही केस सेट करून गाडीत बसता तेव्हा आईचा अर्धा दिवस उरकलेला असतो. मग ती झाडाखाली सतरंजीवर आडवी होते आणि आपण वर म्हणतो, 'आई, तू ना अजिबात एन्जॉय करत नाहीस!'

तर या वेळी डबा तुम्ही घ्या अंगावर. पूर्ण डबा. 'मी मदत करतो' असं म्हणून कोथिंबीर निवडून मोकळं व्हायचं नाही. बेत, सामान, भरणं, सगळं तुमच्याकडे. आणि चारला उठायची गरज नाही, कारण यातलं बहुतेक काम आदल्या संध्याकाळीच होतं.

रात्री करून दुसऱ्या दिवशी दुपारी छान लागेल असं खाणं शोधायला फार स्क्रोलही करावं लागत नाही. आजीला विचारा. शिदोरीच्या दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवत, त्या प्रवासात मऊ राहत. (त्यामागे सोवळ्याओवळ्याचाही हिशेब होता. तो सोडून द्या, दशमी ठेवा.) गुळाच्या पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी, भडंग, या सगळ्यांत समान धागा एकच, पाणी कमी. जिथे पाणी जास्त तिथे पदार्थ लवकर आंबतो. म्हणूनच ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत दगा देते आणि सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी आठवडाभर मजेत असते. एवढं कळलं की बेत तुमचा तुम्हाला ठरवता येतो. धपाटी न्यायची? न्या, पण पिठात कांदा घालू नका आणि पाण्याऐवजी दह्यात भिजवा.

पहिल्यांदाच करत असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या, त्या सहसा फसत नाहीत. पाच जणांसाठी चार वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, चमचाभर ओवा, दोन चमचे तीळ, चवीला मीठ. त्यावर चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. आता पाणी थोडं थोडं घालत पीठ घट्ट भिजवा. 'घट्ट' म्हणजे हात दुखेल इतकं. पीठ सैल झालं की पुरी तेल पिते आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी तेलाचं तळं दिसतं. वीस मिनिटं झाकून ठेवा, मग लाटा आणि तळा. लहान पुऱ्या लाटल्या तर साधारण ३५ ते ४० होतात. थंड झाल्या की त्या मऊ पडतात, घाबरू नका, त्या तशाच खायच्या असतात. सोबत कैरीचं लोणचं, नाहीतर साखरांबा.

तळून झाल्यावर लगेच डबा बंद करायचा नाही. गरम पदार्थाची वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब पडतात आणि पुऱ्या चिकट होतात. पूर्ण गार होऊ द्या. मात्र चाळणीत किंवा सुती कापडावर पसरा, वर्तमानपत्रावर नको. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि एफएसएसएआयनेही अन्न वर्तमानपत्रात बांधू नका असं सांगितलेलं आहे. पेपरातच हे लिहितोय, पण खरं ते खरं. पेपर आधी वाचा, मग रद्दीत घाला.

दहीभात मात्र रात्री करू नका. शिजवलेला भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यात जंतू वाढतात. काही जंतूंचे बीजाणू शिजवण्यानेही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळी कुकर लावा, वीस मिनिटांचं काम. भात गार झाला की मऊ कुस्करा, त्यात तापवून गार केलेलं भरपूर दूध घाला आणि दही फक्त दोन चमचे. वरून मोहरी-मिरचीची गार झालेली फोडणी. वाटेत दूध विरजतं आणि एकच्या सुमारास झाकण उघडाल तेव्हा ताजा, बेताचा आंबट दहीभात तयार. सकाळीच भरपूर दही घातलं तर जेवायच्या वेळी तोंड वाकडं होतं.

बटाट्याची सुकी भाजी हवीच असेल तर बटाटे रात्री उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी दहा मिनिटांत फोडणीला टाका. काकडी अख्खी न्या, सोबत सुरी आणि मिठाची डबी. घरूनच चिरून मीठ लावलंत तर नुसतं पाणी घेऊन जाल. कोकम सरबताची प्लास्टिकची बाटली पाऊण भरून रात्री फ्रीझरमध्ये टाका. पूर्ण भरलीत तर बर्फ फुगून ती फुटेल. सकाळी ती काकडी आणि फळांच्या पिशवीत घाला. दहीभाताला चिकटवून ठेवू नका, गारठ्यात दूध विरजणार नाही.

आपल्याकडे असं बाहेर जाऊन जेवणं नवीन नाही. कार्तिकातलं आवळीभोजन आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खं घर शेतात जेवतं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मित्राच्या गावचं आमंत्रण आलं तर सोडू नका. फक्त तिथे गेल्यावर एक विचारा, या सगळ्या स्वयंपाकासाठी रात्री कोण जागलं? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच येईल.

आता नेण्याचं बघू. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी नेता येत नाही, तेव्हा डब्यांचं वजन तुमच्याच खांद्यावर. तिथे आणि महाबळेश्वरला माकडं पिशवी हिसकावतात, त्यामुळे खाणं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. हातातली कॅरीबॅग म्हणजे त्यांना आमंत्रण. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. घरातल्या स्टीलच्या ताटल्या नाहीतर पत्रावळी घ्या. सिंहगडावर जात असाल तर डबा हलका ठेवा, कारण वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळत असताना घरची पुरी कोणी खाणार नाही.

आणि हो, परत आल्यावर डबे तुम्हीच घासायचे. त्याच रात्री. लोणच्याचं तेल सकाळपर्यंत वाळलं की निघत नाही, आणि ते घासायला कोण उभं राहतं हे तुम्हाला माहीत आहे.