गरम इंजिन आणि बदलत गेलेलं पेट्रोल

जुनी फियाट किंवा अँबेसेडर जपणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एकच गाऱ्हाणं असतं. सकाळी गाडी पहिल्याच सेलला उठते, तासभर झकास चालते. वाटेत चहाला थांबून पुन्हा सेल मारावा, तर काही केल्या उठत नाही. अर्ध्या तासाने मात्र जणू काही झालंच नव्हतं. दोष सरसकट वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलच्या माथी मारला जातो. गेल्या तीस वर्षांत आपलं पेट्रोल कसकसं बदलत आलं हे पाहिलं, की हा निकाल मला घाईचा वाटतो.

मुळात दुखणं जुनंच आहे. शिसं घातलेलं पेट्रोल मिळायचं तेव्हाही बोरघाट चढून आलेल्या फियाटचं बॉनेट उघडून ड्रायव्हर आतल्या फ्यूएल पंपावर ओलं फडकं टाकत असत. हा पंप इंजिनलाच बसवलेला. मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढतो, तेव्हा नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पेट्रोल लवकर उकळतं. पंपात वाफ भरली की पुढे थेंब जात नाही. इंजिन बंद केल्यावर तर पंखाही थांबतो, पाणीही फिरायचं थांबतं आणि सगळी उष्णता वर चढते. अँबेसेडरच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसलेला. त्यामुळे पहिली दहा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट.

१९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं, २००० मध्ये शिसं देशभरातून गेलं. त्याची चर्चा खूप झाली, पण ती व्हॉल्व्ह सीटच्या झिजेची. त्याच काळात नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन येत गेलं, हा बदल मला अधिक मोठा वाटतो. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतलाच पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल मात्र उघड्या हवेच्या दाबालाच असतं.

इथेनॉलची वाट तर आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला प्रायोगिक मिश्रण झालं, २००३ पासून महाराष्ट्र-गोव्यासह काही राज्यांत पाच टक्क्यांची योजना आली. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये थोडंसंच मिसळलं की पेट्रोलमधले हलके घटक आणखी लवकर उडू लागतात. वाफेचा दाब साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या मिश्रणातच सर्वात वर जातो. २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले, २०२३ मध्ये ई-२० पंपांवर येऊ लागलं. पण दहावरून वीसवर जाताना हा दाब वाढत नाही, किंचित उतरतोच. वीस टक्क्यांनी दुसरं काही केलं: सत्तर-ऐंशी अंशांच्या आत उडून जाणारा हिस्सा वाढला आणि कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ झालं.

मग हे सगळं आत्ताच का जाणवतं? मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि ओल्या फडक्याची गरजच संपली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी, म्हणजे फियाट टॅक्सीचं वय भरलं. कार्बोरेटरचा रोजचा हात असलेले मेकॅनिक आधीच कमी होत गेले होते. पेट्रोल बदलत गेलं तसतशी ते ओळखणारी माणसं पांगली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कारण दुखणं ओळखणं अवघड नाही. एअर फिल्टर काढा आणि इंजिन बंदच ठेवून थ्रॉटल हाताने झटकन ओढा. सोलेक्स कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. घसा आधीपासूनच ओला आणि वास उग्र असेल, तर उकळलेलं पेट्रोल खाली सांडलंय: फिल्टर परत बसवा, चोक नको, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल मारा, पंपिंग अजिबात करू नका. धार आलीच नाही, तर पंपात वाफ आहे किंवा वाटी कोरडी पडली आहे. अशा वेळी पंपाचा हाताचा लिव्हर हलवून वाटी भरा. वाटी आणि घसा दोन्ही ठीक असतील तर प्लगची ठिणगी बघा. तापलेली कॉइल आणि म्हातारा कंडेन्सर हुबेहूब हाच त्रास देतात, आणि पेट्रोलला शिव्या खाव्या लागतात त्या बऱ्याचदा यांच्यामुळे.

कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड ठोकळा, मधे पत्र्याचा आडोसा, एक्झॉस्टपासून दूर फिरवलेली नळी आणि फ्लोटची योग्य पातळी एवढ्याने बहुतेक गाड्या सुधारतात. जुन्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी मागे ठेवलेलं टायमिंगही मूळ खुणेवर आणावं, कारण मागे पडलेलं टायमिंग एक्झॉस्ट आणखी तापवतं. मात्र हे सगळं करण्याआधी जुनी रबरी नळी काढून इथेनॉल सोसणारी घाला; फुगलेली, भेगाळलेली नळी लाल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकली, तर गाडी पेटायला वेळ लागत नाही.