७२ मतांनी मेलेला रॉबिन आणि तुमचा गुगल फॉर्म

पेट परीक्षा काढली, प्रवेश झाला, की कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा पेपर येतो आणि त्यात नमुना निवडीचं प्रकरण. व्याख्या पाठ होतात. पण स्वतःची प्रश्नावली पाठवायची वेळ आली की आपण गुगल फॉर्म बनवतो, चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि उत्तरं मोजत बसतो. म्हणून आज व्याख्या नको. बॅटमॅनच्या कॉमिकमध्ये एक रॉबिन कसा घालवला आणि त्याच्या जागी नवा कसा आणला, ते बघू.

रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार. बॅटमॅन १९३९ चा. पुढच्याच वर्षी डिक ग्रेसन हा सर्कशीतल्या कसरतपटूंचा अनाथ मुलगा रॉबिन झाला. कारण साधं होतं: लेखक बिल फिंगर यांना बॅटमॅनशी बोलायला कोणीतरी हवं होतं, शेरलॉक होम्सला वॉटसन लागतो तसं. आपल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची सोय वेगळी. तिथे बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि लोक समजतात वेताळ अमर आहे. बॅटमॅन मात्र वर्षानुवर्षं त्याच वयाचा, आणि पोरगं मोठं होत जातं. डिक स्वतःच्या वाटेने निघाला, म्हणून १९८३ मध्ये जेसन टॉड आला.

हा पहिला जेसन म्हणजे जवळजवळ डिकची नक्कल, तोही सर्कशीतला, तोही अनाथ. मग १९८७ मध्ये त्याची जन्मकथाच बदलली. आता तो बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरणारा रस्त्यावरचा पोरगा झाला, आणि पुढे तापट, उद्धट होत गेला. बऱ्याच वाचकांना तो रुचेना. का? डिक नव्हता म्हणून, स्वभावामुळे, की लेखकाच्या हाताळणीमुळे? सांगता येत नाही, कारण सगळं एकदमच बदललं होतं. केळीच्या बागेत खत आणि पाण्याची पाळी एकाच हंगामात बदलली आणि घड भरला, तर श्रेय कोणाला द्याल? तसंच हे.

संपादक डेनिस ओ'नील यांनी ठरवलं, वाचकांनाच विचारू. १९८८ च्या अंक ४२७ मध्ये जोकरने लावलेल्या बॉम्बच्या स्फोटात जेसन सापडतो आणि अंक तिथेच संपतो. सोबत दोन फोन नंबर दिले होते: एक तो जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. मुदत ३६ तास, एका फोनला ५० सेंट. जगावा, ५,२७१. मरावा, ५,३४३. पुढच्या अंकात जेसन मेला.

आता वही काढा. एकूण मतं १०,६१४, फरक ७२. समजा वाचक अगदी निम्मे-निम्मे विभागलेले होते आणि प्रत्येक फोन म्हणजे नाण्याची एक फेक. तर छाप आणि काटा यांच्यातल्या फरकाचं प्रमाण विचलन येतं १०,६१४ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १०३. आपला फरक त्याच्याही आतला. नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक जवळपास निम्म्या वेळा पडेल. सदतीस जणांनी दुसरा नंबर फिरवला असता तरी जेसन वाचला असता.

पण हे गणितसुद्धा मी उदार होऊन केलं. ते खरं धरायला प्रत्येक फोन वेगळ्या माणसाचा हवा आणि ती माणसं सगळ्या वाचकांतून यादृच्छिक निवडलेली हवीत. इथे पैसे मोजून फोन करण्याइतका राग किंवा प्रेम असलेलेच लोक आले. एकाने कितीही फोन करावेत. ओ'नील यांनी नंतर असंही सांगितलं की कोणीतरी संगणकाला सतत फोन लावायच्या कामाला जुंपलं होतं, असं त्यांच्या कानावर आलं. ते खरं असो वा नसो, पद्धतीत ते रोखणारं काहीच नव्हतं.

इथे विद्यार्थी हमखास म्हणतात, 'पण सर, दहा हजारांचा नमुना आहे ना!' आमच्या असोद्याला थंडीत शेतात भरीत पार्ट्या होतात. काड्यांवर वांगी भाजायला आलेल्या पाच हजार लोकांना 'वांगं आवडतं का' विचारा, नाहीतर पन्नास हजारांना. जिल्ह्याची आवड कळणार नाही. नमुना वाढवला की योगायोगाची चूक कमी होते. निवडीतला कल तसाच राहतो, उलट आकडा मोठा म्हणून जास्त खात्रीचा वाटतो.

नवा रॉबिन आणताना मात्र मतदान घेतलं नाही. १९८९ मध्ये टिम ड्रेक आला आणि तो चक्क संशोधक निघाला. लहानपणी त्याने सर्कशीत डिकची हवेतली चार कोलांट्यांची कसरत पाहिलेली. पुढे टीव्हीवर रॉबिनने तीच मारली. ती दुसऱ्या कोणाला जमत नाही, म्हणजे रॉबिन हा डिक, आणि डिकला सांभाळणारा ब्रूस वेन म्हणजे बॅटमॅन. दहा हजार मतांपेक्षा एक अचूक निरीक्षण भारी पडलं, कारण त्याने नेमकी दुसऱ्या कोणात न सापडणारी खूण धरली. जेसन गेल्यापासून बॅटमॅन बेफाम होत चाललाय, त्याला रॉबिन लागतोच, हेही त्यानेच ताडलं. शिवाय त्याला लगेच पोशाख मिळाला नाही. आधी प्रशिक्षण, मग १९९० च्या शेवटी अंक ४५७ मध्ये नवा पोशाख. वाचकालाही सवय व्हायला वेळ मिळाला.

टिम टिकला. १९९३ पासून त्याची स्वतंत्र मालिका १८३ अंक चालली. मग हळूहळू आणण्याची पद्धत यशस्वी म्हणायची का? थांबा. जून १९८९ मध्ये टिम बर्टनचा बॅटमॅन सिनेमा आला होता, म्हणजे टिम ड्रेक आला तो सिनेमाच्या लाटेत. नुसत्या खपावरून पात्राचा वाटा आणि सिनेमाचा वाटा वेगळा काढता येणार नाही. तुलनेला त्याच काळातलं, रॉबिन नसलेलं बॅटमॅनचं मासिक लागेल. तेही आहे: 'लेजेंड्स ऑफ द डार्क नाइट' १९८९ च्या शेवटी सुरू झालं, बॅटमॅनच्या सुरुवातीच्या, एकटेपणाच्या दिवसांवर. दोन्हींच्या खपाचे आकडे महिन्यागणिक शेजारी मांडून बघायला हवेत.