लाकडी होडीवरची काचेची साल

‘फायबरची होडी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन अगदी निराळ्या वस्तू दडलेल्या असतात. एक साच्यातून काढलेली, जिच्यात लाकूड नावापुरते. दुसरी लाकडाचीच, पण अंगावर काचेचे कापड आणि राळ यांची साल चढवलेली. हा लेख दुसरीबद्दल आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतून कोळीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे एक प्रश्न मी वरचेवर ऐकतो : जुनी लाकडी होडी फायबर करून घ्यावी का? घरातले सोने मोडून हा खर्च उभा राहतो. म्हणून उत्तर बेतानेच द्यायला हवे.

जुन्या पद्धतीच्या होडीत फळीला फळी भिडवतात, ती फासळ्यांना ठोकतात आणि सांध्यांत कापूस ठासतात. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगते आणि सांधा आवळला जातो. उन्हात ओढून ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणजे अशी होडी सतत हलत असते. हा तिचा दोष नव्हे, तिची घडणच तशी.

याचा जगप्रसिद्ध दाखला आपल्या मुंबईचाच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची नौका इथल्या कारागिरांनी सागवानात बांधली. १९६८-६९ साली त्यांनी तिच्यातून ३१२ दिवसांत, एकट्याने व कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम त्याआधी कोणी केला नव्हता. मात्र अटलांटिकमध्ये असतानाच तळाच्या कण्यालगतचा सांधा पाणी घेऊ लागला. त्यांनी भर समुद्रात बुडी मारून त्यात कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी ठोकली आणि शेवटी तांब्याचा पत्रा. सांधा उघडा होता, हाताला लागत होता, म्हणूनच तो दुरुस्त करता आला.

आता अशा होडीवर काचेची साल चढवली तर काय होते? आतल्या फळ्या हलत राहतात, साल मात्र कडक. काही हंगामांत सांध्यांच्या रेषेवर केसासारख्या चिरा पडतात. त्यातून पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. त्यातही पावसाचे गोडे पाणी वाईट, कारण कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्यात जास्त माजते. शिवाय स्वस्त म्हणून वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ लाकडाला, विशेषतः ओल्या किंवा सागासारख्या तेलकट लाकडाला, धड धरत नाही. वाडियांच्या काळातल्या जहाजांच्या तळालाही समुद्री किडीपासून वाचवायला तांब्याचा पत्रा मारत, पण तो खिळे काढून उचकटता येई. काचेच्या सालीखाली काय चालले आहे ते दिसत नाही. (आम्हा चाळकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. १९२०च्या दशकातल्या या काँक्रीटच्या इमारतींत वरचा गिलावा नवा झाला तरी आतली सळई गंजायची थांबली नाही.)

मग लाकूड आणि काच यांचे जमतच नाही का? उत्तम जमते, मात्र लग्न पहिल्या दिवशीच लागायला हवे. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ पाहा. ५६ फुटांची ही शिडाची नौका २००९ साली नौदलात दाखल झाली. तिच्या घडणीत सांधा हलायला जागाच नाही. सीडरच्या अरुंद पट्ट्या आकाराच्या चौकटींवर एकमेकींना चिकटवत जातात, त्यामुळे सगळे अंग एकसंध होते. मग बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी, काचेचे कापड इपॉक्सी राळेत भिजवून बसवतात. लाकडाचे बळ तंतूंच्या दिशेने जाते, आडवे ते सहज चिरते. ती उणीव तिरकस घातलेल्या कापडाने भरून निघते. दोन साली आणि मध्ये हलके लाकूड ही रचना इमारतीच्या लोखंडी तुळईसारखी काम करते : ताण कडांवर, मधला भाग त्या कडांना दूर धरण्यापुरता. आतूनही साल असल्यामुळे लाकडाला ओल लागत नाही, ते फुगत नाही आणि साल तडकत नाही.

व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून निघालेल्या मोहिमेत दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये याच नौकेतून एकट्याने, चार बंदरे घेत प्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती न थांबता केली. दक्षिण महासागराच्या लाटांपुढे दोनदा टिकलेल्या अंगाला याहून वेगळे प्रमाणपत्र लागत नाही.

तर कोळीवाड्यातल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. नवी होडी बांधायची असेल तर पट्ट्या आणि इपॉक्सी यांचा हिशेब जरूर मांडावा. जुनी असेल तर आधी हातोडीने फळीफळी वाजवून पाहावी. बद्द आवाज आला तिथली फळी बदलावी. मग छपराखाली आडोशाला ठेवून लाकडाची ओल मोजावी. ती बारा टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत राळेचा डबा उघडू नये. आपल्या दमट किनाऱ्यावर पावसाळ्यात हे जवळजवळ अशक्य. तेव्हा घाईने साल चढवण्यापेक्षा कापूस, तेल आणि दरवर्षीची डागडुजी हाच स्वस्त आणि उलगडता येणारा मार्ग.