संगणकाचा वेग आणि त्याची सुरक्षितता

घरांतील संगणकावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढविण्याचा प्रश्न निघाला कीं कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यंत्र सुरळीत चाललें आहे, त्यास उगाच छेडूं नये. नवी प्रणाली आली कीं तें मंदावतें. दुसरा म्हणतो, जुनी प्रणाली ठेवणें म्हणजे दाराची कडी न लावतां निजणें होय. पहिल्याला आळशी व दुसऱ्याला भित्रा ठरवून हा वाद मिटत नाहीं. कारण दोघांचेंही म्हणणें बऱ्याच अंशीं खरें आहे.

मंदावण्याची तक्रार काल्पनिक नाहीं, याचा उत्तम पुरावा २०१८ सालीं मिळाला. त्या वर्षीं ३ जानेवारीस 'मेल्टडाऊन' व 'स्पेक्टर' या नांवांचे दोन दोष जगजाहीर झाले. ते कोणा प्रोग्रॅममधले नसून प्रोसेसरच्याच घडणींतले होते, आणि त्यांचें मूळ वेगाच्या हव्यासांत होतें. आधुनिक प्रोसेसर हुकुमाची वाट पाहत बसत नाहीं. एखाद्या चतुर कारकुनानें साहेबांचा हुकूम होण्यापूर्वींच, लागेल असा तर्क करून, दप्तरखान्यांतील कागद टेबलावर आणून ठेवावा, तसा तो पुढचें काम आधींच करून ठेवतो. तर्क चुकला तर काम रद्द होतें. पण कागद टेबलावरच राहतो. पुढें कोणता कागद चटकन मिळतो आणि कोणत्यास विलंब लागतो, एवढें मोजूनच त्रयस्थ माणसास गुप्त दप्तरांतील मजकुराचा अंदाज बांधतां येतो. मेल्टडाऊनमुळें, मुख्यतः इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांवर, एखाद्या सामान्य प्रोग्रॅमला कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठीं राखलेली स्मृति या रीतीनें वाचतां येत असे.

यावर योजिलेला उपाय साधा, पण खर्चाचा होता. पूर्वीं प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्मृतीच्या नकाशांतच गाभ्याचा नकाशाही ठेवलेला असे. तो आतां वेगळा काढण्यांत आला. त्यामुळें प्रोग्रॅमनें गाभ्याकडे कांहीं मागितलें कीं दर खेपेस नकाशा बदलावा लागतो. ज्या कामांत अशा मागण्या थोड्या, उदाहरणार्थ दीर्घ आकडेमोड, त्याला याची झळ फारशी लागत नाहीं. फाइली व नेटवर्क यांच्याशीं सतत देवघेव करणाऱ्या कामास ती लागते. ९ जानेवारी २०१८ रोजीं मायक्रोसॉफ्टनेंच कबूल केलें कीं, २०१६ च्या सुमाराच्या व त्यानंतरच्या प्रोसेसरांवर विंडोज १० वापरणाऱ्या बहुतेकांस फरक जाणवणार नाहीं, २०१५ च्या किंवा त्याआधींच्या प्रोसेसरांवर कित्येकांस जाणवेल, आणि अशा जुन्या यंत्रांवर विंडोज ७ किंवा ८ असल्यास बहुतेकांस जाणवेल. यांत विनोद असा कीं, वेगासाठीं जुनी प्रणाली धरून बसलेल्यांनाच दुरुस्ती घेतल्यावर वेगाचा दंड सर्वांत अधिक बसला.

हा दंड चुकविणाऱ्यांचें काय होतें, हें आदल्याच वर्षीं दिसून आलें होतें. विंडोजमधील एका छिद्रावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीं प्रसिद्ध झाली. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' त्याच छिद्रांतून शिरला, आणि त्यानें सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाधित संगणकांपैकीं बहुतेकांवर विंडोज ७ होती. तिच्यासाठीं दुरुस्ती तयार होती, ती कोणीं चढविली नव्हती एवढेंच. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंत १९,००० हून अधिक रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज पुढें सरकारी अहवालांत देण्यांत आला. पाठोपाठ २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाच्या धक्क्यावरील काम थबकलें. मात्र हा दुसरा रोग युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अद्ययावत आवृत्तींतूनच प्रथम पसरला होता. तेव्हां 'नवें तें निर्धोक' हें सूत्रही डोळे मिटून घोकण्यासारखें नाहीं.

विंडोज १० ला सर्रास दुरुस्त्या पुरविणें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबलें. त्यापुढें वेगळी नोंदणी करणाऱ्यांपुरतीच मुदत वाढविण्यांत आली. विंडोज ११ मध्यें 'मेमरी इंटिग्रिटी' नांवाचा एक पहारा आहे. गाभ्यांत शिरूं पाहणारी आज्ञावली तो तपासतो, आणि जुन्या प्रोसेसरांस तो जड जातो. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांनीं हवा तर तो खेळापुरता काढावा व मागाहून पुन्हा लावावा, असें मायक्रोसॉफ्टनें २०२२ मध्यें सांगितलें. केवळ खेळासाठीं ठेवलेल्या यंत्रावर ही सवलत चालेल. ज्यावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तेथें थोड्याशा वेगासाठीं पहारेकऱ्यास रजा देणें हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

शिवाय मंदपणाचा आळ पुष्कळदां भलत्यावरच येतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथें एसएसडी बसविली, तर घरगुती कामांत मिळणाऱ्या वेगापुढें पहाऱ्याचा खर्च किरकोळ ठरतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय व ठराविक प्रोसेसर लागतात. ते नसलेल्या यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चढवितां येते, आणि तिला दुरुस्त्याही मिळत राहतात. प्रणाली कोणतीही बदलावयाची असो, त्यापूर्वीं घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती डिस्क यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी.