निशादृश्य छायाचित्रण, विस्तृत दीप्ति-पल्ल्याचे
रात्रीच्या निसर्गदृश्यातील अतितेजस्वी व अतिमंद असे दोन्ही भाग एकाच छायाचित्रात तपशिलांसह दाखविण्याचे तंत्र. दृश्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत काळोख्या भागांच्या दीप्तींचे गुणोत्तर म्हणजे त्या दृश्याचा दीप्ति-पल्ला होय. छायाचित्रकार तो ‘स्टॉप’ या एककात मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट होतो.

या तंत्राची गरज चंद्राच्या उदाहरणावरून ध्यानात येते. पौर्णिमेचा चंद्र हा वस्तुतः भर उन्हातील खडक असल्याने आयएसओ १०० व द्वारक एफ/११ असताना त्याच्या बिंबाला १/१०० सेकंदाचे उद्भासन पुरते. त्याच्याच चांदण्यात उजळलेल्या जमिनीला मात्र तेवढ्याच मांडणीत अर्ध्या तासाहून अधिक काळ लागतो. कारण सूर्यप्रकाश पूर्ण चंद्रप्रकाशाच्या सुमारे ४ लक्षपट प्रखर असतो. बिंब व जमीन यांतील अंतर अठरा स्टॉपच्या आसपास जाते, तर चांगल्या अंकीय संवेदकाचा पल्ला बारा ते चौदा स्टॉप असतो. शिवाय अर्ध्या तासात चंद्र स्वतःच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट सरकतो. तेव्हा एकाच उद्भासनात दोहोंचे तपशील मिळणे अशक्यच होय.

ही अडचण जुनी आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी आकाश व समुद्र यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून सागरदृश्ये छापली. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील एर्नांदेस येथे सूर्यास्ताच्या सुमारास टिपलेला चंद्रोदय प्रसिद्ध आहे. प्रकाशमापक हाती न लागल्याने त्यांनी चंद्राची दीप्ती स्मरणातून घेऊन उद्भासन ठरविले. जमिनीचा भाग फिका आल्यामुळे १९४८ मध्ये तो रासायनिक रीतीने गडद करण्यात आला. नंतरच्या छापांत आकाश उत्तरोत्तर काळे होत गेले; पुष्कळांना ते चित्र रात्रीचे वाटते ते यामुळे. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी निरनिराळ्या उद्भासनांच्या चित्रांवरून दृश्यातील सापेक्ष दीप्ती गणिताने काढण्याची पद्धत मांडली.

प्रत्यक्ष चित्रण : कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवून द्वारक, केंद्रण व रंगसमतोल स्थिर ठेवतात आणि फक्त उद्भासनकाल दोन-दोन स्टॉपांनी बदलत चित्रांची मालिका घेतात. द्वारक बदलल्यास स्पष्टतेची खोली बदलते व चित्रे नीट जुळत नाहीत. नोंद संवेदकाच्या कच्च्या (रॉ) स्वरूपातच घ्यावी. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे सरकतात, ३५ मिमी. चौकटीवर २४ मिमी. भिंग असल्यास साधारणतः २० सेकंदांपुढे त्यांच्या रेघा जाणवू लागतात. म्हणून लांब उद्भासनाऐवजी एकाच मांडणीची अनेक लघू उद्भासने घेऊन त्यांची सरासरी काढणे श्रेयस्कर. सोळा चित्रांच्या सरासरीने यादृच्छिक गोंगाट एक-चतुर्थांशावर येतो. मात्र तारे जुळविले की जमीन हलते व जमीन जुळविली की तारे; यासाठी दोन्ही भाग वेगळे जुळवून मग सांधावे लागतात. वाऱ्याने हलणारी झाडे हा या कामातील खरा शत्रू होय.

संस्करण : एकत्र केलेल्या चित्राचा पल्ला कागदावर किंवा पडद्यावर मावत नाही, उत्तम कागदावरही पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर शंभराच्या घरातच राहते. पल्ला आकुंचित करण्याच्या या क्रियेला छटा-रूपांतर म्हणतात. ती स्थानिक पातळीवर अतिरेकाने केल्यास डोंगराच्या कडेभोवती प्रभावळ उमटते आणि सावल्या उपशून रात्रीचा दिवस होतो. डोळ्याच्या शलाका मंद प्रकाशात रंग ओळखत नाहीत, तर संवेदक साठविलेल्या प्रकाशातून आकाशगंगेचे रंग दाखवितो. त्यामुळे डोळ्याला दिसले तेच खरे, असा आग्रह धरता येत नाही. तथापि एकाच जागेवरून, एकाच रात्री घेतलेली उद्भासने सांधणे आणि दुसरीकडचा मोठा चंद्र आणून चिकटविणे यांत मूलभूत भेद आहे. दुसऱ्या प्रकाराला विस्तृत पल्ल्याचे छायाचित्र म्हणणे योग्य नव्हे. संध्याप्रकाशात जमीन व काळोख पडल्यावर आकाश, अशी काही तासांच्या अंतराची जोडणी रूढ आहे. तीही चित्राखाली नमूद व्हावी.

क्षितिजावरील नगरदीपांची पिवळट आभा लांब उद्भासनात ठळक उमटते व ती संस्करणात पुसून टाकण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते निदान मूळ नोंदीत ती राखावी, कारण आकाश कोणत्या वर्षी किती उजळले होते याचा पुरावा त्यातून मिळतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या काही गावांतील दिवे जमिनीकडे प्रकाश टाकतील असे बदलण्यात आले.