सर्पगंधेने नेलं, खाजकुइलीने दिलं

अण्णांची सही जुळत नाही म्हणून बँकेने फॉर्म परत केला, तेव्हा घरात सगळे हसले होते. चाळीस वर्षं एकाच झोकात केलेली सही. आता पहिलं अक्षर बऱ्यापैकी, पुढची मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि शिरोरेघ शेवटाला खाली घसरलेली. त्याआधी वर्षभर उजवा खांदा आखडला म्हणून शेक झाले, मालिश झालं, एका डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असं लिहूनही दिलं. हात थरथरत नव्हता, त्यामुळे कंपवात कुणाच्या डोक्यातच आला नाही.

इंदुरातल्या ज्या न्यूरॉलॉजिस्टकडे शेवटी पोचलो, त्यांनी एमआरआयचं पाकीट न उघडताच बाजूला ठेवलं. म्हणाले, “काका, जरा बाहेर पॅसेजमध्ये चालून या.” अण्णा गेले, वळले, आले. डावा हात झुलत होता, उजवा शर्टाला शिवल्यासारखा. मग अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितली. पहिले चार ठोके मोकळे, नंतर बोटं उघडेनाशी झाली. मनगट हातात घेऊन फिरवलं तर दातेरी चाकासारखं अडत अडत फिरलं. मागे उभं राहून खांद्यांना हलका हिसका दिला. कागदावर गोल गोल गोगलगाय काढायला लावली. पंधरा मिनिटांत कंपवाताचं निदान झालं. मी रक्ताच्या तपासणीचं विचारलं, तर ते अण्णांच्या चपलांकडे बोट दाखवून म्हणाले, “उजवी पुढून घासली आहे, बघितलंत?” आम्ही बघितलं नव्हतं.

या रोगाचा इतिहास वाचताना मला ती चप्पल सारखी आठवते. लंडनच्या हॉक्स्टन वस्तीतल्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली आपला निबंध लिहिला तो सहा माणसांवर, आणि त्यांतली तीन त्याला रस्त्यात दिसलेली होती. एकाला तर त्याने फक्त लांबूनच पाहिलं होतं. पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्कोने दाखवून दिलं की थरथर नसतानाही हा रोग असू शकतो, आणि मंदपणा वेगळा, ताठरपणा वेगळा. पार्किन्सनचं नाव या रोगाला दिलं तेही त्यानेच. आमच्या फ्रोझन शोल्डरचं उत्तर म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच देऊन झालं होतं.

मुंबईत ही नजर होती डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे. लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम करून ते परतले आणि 1957 पासून ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरॉलॉजी उभी केली. तोल जाणारे, बोलताना अडखळणारे रुग्ण सगळेच पाहत होते; वाडियांनी त्यांचे डोळे पाहिले. आपण एका वस्तूवरून दुसरीकडे बघतो तेव्हा बुबुळ टुणकन उडी मारतं. या रुग्णांचं बुबुळ सरपटत जायचं. 1971 मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचं वर्णन ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापलं. त्यामागचं जनुक हाती लागायला 1996 उजाडलं. आज हा आजार ‘एससीए-2’ म्हणून ओळखला जातो, आणि काही घराण्यांत तेच जनुक तोल न बिघडवता थेट कंपवाताच्या रूपात प्रकट होतं. वाडियांना 2012 मध्ये पद्मभूषण मिळालं. मराठी वाचकाला त्यांचं नाव फारसं ठाऊक नाही, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

मुंबईचा यातला दुसरा वाटा जास्त गमतीचा आहे, कारण तो उपचारांतून नव्हे, उपद्रवातून आला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकातून मांडलं आणि आपल्या वैद्यांची ही मुळी जगभर पोचली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रिसर्पीन वेगळं केलं गेलं. रक्तदाब उतरला खरा. पण काही रुग्ण मंदावले, ताठरले, हुबेहूब कंपवात झाल्यासारखे दिसू लागले. स्वीडनच्या अर्विद कार्लसनने हेच रिसर्पीन सशांना दिलं. ससे कान पाडून बसले. मग त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामीन बनतं ते रसायन, टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. साल 1957. त्याच वर्षी वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि वाडिया जे. जे.मध्ये रुजू झाले तेही त्याच वर्षी. योगायोगच, पण असा की पंचांगवाल्यालाही मोह पडावा.

पुढचं भराभर घडलं. व्हिएन्नात हॉर्नीकीविच यांनी 1960 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीन आटल्याचं दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू चढवत नेली आणि वर्षानुवर्षं खिळलेली माणसं चालू लागली. कार्लसनना नोबेल मिळालं ते मात्र 2000 मध्ये.

आणि हे डोपा आपल्या कुंपणावर होतं! खाजकुइलीच्या शेंगेची कूस अंगाला लागली की माणूस विहिरीत उडी मारायला धावतो, एवढीच तिची ख्याती. पण तिच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच एल-डोपा वेगळं काढलं होतं, कोत्झियासच्या तीस वर्षं आधी. आयुर्वेदात कंपवात होता, आत्मगुप्ता म्हणजे हीच खाजकुइली होती. मुंबईतल्या वैद्य आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ती कंपवातावर देऊन पाहिली. 2004 मध्ये लंडनला आठ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा तिचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. आठ म्हणजे आठच. तेवढ्यावर ‘आमच्या पूर्वजांनी सगळं शोधलं होतं’ असा ढोल बडवू नये. बियांच्या भुकटीत डोपा किती, याचा नेम नसतो. शिवाय सिंडोपासारख्या गोळीत जोडीला कार्बिडोपा असतं म्हणून मळमळ आवरते आणि थोडक्या डोपात काम भागतं. भुकटीत ते नाही. डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकदम घेणारे काका मला माहीत आहेत.

सर्पगंधेचा धडा मात्र आपण विसरलो. गॅस-अॅसिडिटीच्या कॅप्सुलांत लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेवर सिनारिझिन देतात; दोन्ही डोपामीनच्या वाटेत आडवी येतात. महिनोन्महिने घेतली तर म्हातारं माणूस मंदावतं, थरथरतं, आणि बंद केल्यावर बरेचदा सावरतं. म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली होती.

रोग किती पसरला आहे हे मोजण्याचं कामही मुंबईत झालं. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर जाऊन 14,010 माणसं तपासली. 46 जणांना कंपवात निघाला, म्हणजे लाखामागे 328. आकडा मोठा दिसतो, पण पारशी समाजात वयस्कही फार, हे धरूनच तो वाचावा लागतो.

निदानानंतरची वर्षं डॉक्टरच्या खोलीबाहेर जातात. अण्णांची गोळी सकाळी सातला. वरण, पनीर तिच्यापासून लांब, कारण प्रथिनं डोपाची वाट अडवतात. त्यांना सांभाळणाऱ्या काकूच्या वहीत ‘साडेदहा, सुटले’, ‘एक, अडकले’ अशा नोंदी असतात. तपासणीला डॉक्टर आधी वही मागतात, मग नाडी. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने रुग्णांची सोसायटी उभी राहिली. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. काकूला हा शब्द इतका आवडला की ती तो स्वतःची थट्टा करायला वापरते. आमच्या इंदुरात वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. अपूर्व पौराणिक मेंदूचे आजार हिंदीतून समजावून सांगतात. काकू ते वाचते आणि मग अण्णांना मराठीत दटावते.

अण्णा दारात का अडकतात, हे मात्र मला उशिरा कळलं. मंदार जोग, आज कॅनडातल्या लंडन शहरात याच आजारांवर काम करणारे, त्यांनी अमेरिकेत अॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना चक्रव्यूहात चालायला शिकवलं. वाट अंगवळणी पडत गेली तशा मेंदूच्या खोल गाभ्यातल्या पेशी सुरुवातीला आणि शेवटाला तेवढ्या कडाडू लागल्या. 1999 मध्ये ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं. म्हणजे सवय हे एक गाठोडं आहे, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं. शर्टाची बटणं, उंबरा ओलांडणं, सगळं गाठोड्यातलं. कंपवातात नेमका हाच गाभा कोलमडतो, गाठोडं सुटतं, आणि प्रत्येक पाऊल हिशेब करून टाकावं लागतं.

गेल्या दिवाळीत काकूने उंबऱ्याबाहेर रांगोळीच्या सहा आडव्या रेघा काढल्या होत्या, बाकी काही काढायला वेळ नव्हता म्हणून. अण्णा रोजच्यासारखे दारात थबकले, खाली बघितलं, आणि एकेक रेघ ओलांडत थेट तुळशीपर्यंत गेले. काकू हातातली पणती तशीच धरून उभी राहिली. भाऊबिजेनंतर रांगोळी पुसली गेली, तशी तिने संध्याकाळी मुलाला दुकानात पाठवून पिवळी चिकटपट्टी मागवली, आणि पट्टी घेऊन फरशीवर बसताना अण्णांना विचारलं, “केवढ्या अंतरावर लावू?”